जुन्या गाडीचा कंपनीचा मूळ रंग कसा शोधावा, कसा जुळवावा?

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे वर्धा-बल्लारशाह लोहमार्गावरील जंक्शन. वणीकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींमुळे हा सगळा पट्टा कोळशाच्या नावाने ओळखला जातो. एकीकडे खाणी आणि दुसरीकडे चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल, त्यामुळे या भागात जीपगाडी हे शौकाचे नव्हे, तर कामाचे वाहन राहिले. साहजिकच डेंटिंग-पेंटिंगचे काम येथे कधी संपले नाही, आणि या कामात आपल्या बांधवांचा हात चांगला बसलेला आहे.

मात्र धंद्याची दिशा बदलली आहे. नव्या गाड्यांचे पेंटिंगचे काम बरेचसे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे आणि विम्याच्या दाव्यांतून जाते. छोट्या गॅरेजसाठी उरते ते जुन्या गाड्यांचे काम. जुनी जीप, फियाट, ॲम्बेसिडर यांना आता हौशी गिऱ्हाईक मिळू लागले आहे, आणि हे गिऱ्हाईक एकच वाक्य बोलते, “रंग अगदी कंपनीचा पाहिजे.” हे वाक्य वाटते तेवढे सोपे नाही. ते नीट समजून घेणाऱ्या कारागिराला या कामात चांगली मजुरी आहे. न समजता डबा उघडणाऱ्याला मात्र दुसऱ्यांदा, तेही स्वतःच्या खर्चाने, गाडी रंगवावी लागते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय क्रमाने मांडत आहोत.

“कंपनीचा रंग” म्हणजे कोणता?

एकाच जुन्या गाडीवर तीन वेगवेगळे रंग “मूळ” म्हणून समोर येऊ शकतात. पहिला, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा. दुसरा, तोच रंग तीस-चाळीस वर्षे ऊन-पाऊस खाऊन आज जसा दिसतो तो. तिसरा, मधल्या काळात कोणीतरी मारलेला, पण मालकाच्या लहानपणापासून डोळ्यांत बसलेला. मालक अनेकदा तिसऱ्यालाच मूळ समजतो.

संपूर्ण गाडी रंगवायची असेल तर पहिला रंग शोधावा. फक्त एक दरवाजा किंवा मडगार्ड दुरुस्त करायचे असेल तर दुसरा जुळवावा, नाहीतर नवा भाग ठिगळासारखा उठून दिसेल. काम हातात घेण्यापूर्वी हे गिऱ्हाइकाशी बोलून कागदावर लिहून घ्यावे. निम्मे तंटे येथेच टळतात.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. गाडीच्या बऱ्याच भागावर कारखान्याचा मूळ थर टिकून असेल, तर तो खरवडून काढण्याची घाई करू नये. जाणकार खरेदीदार मूळ रंगाच्या गाडीला नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा अधिक मान देतात. आधी धुलाई, कंपाउंड आणि पॉलिश करून पाहावे. मूळ थर एकदा गेला की तो परत आणता येत नाही.

गाडीचा इतिहास थोडा माहीत असावा

आपल्याकडे दिसणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच मुंबईत तयार झाल्या. महिंद्र कंपनीची सुरुवात १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या ७५ गाड्या १९४७ मध्ये सुट्या भागांत आल्या आणि १९४९ पासून माझगावला जीपची जुळणी होऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, पुढे फियाट ११०० आणि पद्मिनी निघाल्या. ॲम्बेसिडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची. ती २०१४ मध्ये बंद झाली.

ही माहिती एवढ्यासाठी, की गाडीचे साल कळले म्हणजे रंगाची जातही बरीचशी कळते. १९२० पर्यंत गाडीला ब्रशने वॉर्निशाचे थर देत आणि रंग पूर्ण व्हायला आठवडे लागत. नंतर अमेरिकेच्या ड्युपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोज लॅकर काढले आणि १९२४ च्या मॉडेलच्या ओकलँड गाड्यांवर ते प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्याचे व्यापारी नाव ‘ड्यूको’. आजही आपले पेंटर लॅकरच्या कामाला ड्यूको म्हणतात, ते यावरूनच. १९३० नंतर सिंथेटिक इनॅमल आले. कारखान्यात ते भट्टीत भाजले जाते, म्हणून त्याचा थर हवेत वाळवलेल्या इनॅमलपेक्षा कडक असतो. हार्डनर मिसळायचा टू-के रंग त्याच्या बराच नंतरचा. त्यामुळे १९६० च्या जीपवर टू-केचा थर सापडला, तर तो कारखान्याचा नव्हे हे लगेच समजावे.

समजुतीवर विसंबू नये, याचे एक प्रसिद्ध उदाहरण फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे आहे. ती फक्त काळ्या रंगात मिळत असे, असे सगळे सांगतात. प्रत्यक्षात हा नियम १९१४ ते १९२५ या काळापुरता होता. त्याआधीच्या आणि नंतरच्या गाड्या इतर रंगांतही निघाल्या. १९१० ची मॉडेल टी काळी रंगवून तिला “मूळ” म्हणणारा चुकतोच.

पुरावा गाडीवरच शोधावा

आरसी बुकात रंगाचे नुसते नाव असते, हिरवा किंवा पांढरा. त्यावरून छटा कळत नाही. अनेक परदेशी गाड्यांच्या इंजिनकडील पत्र्यावर बसवलेल्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो. तो मिळाला तर उतरवून घ्यावा. पण खरा पुरावा म्हणजे ऊन न लागलेला आणि दुसऱ्या पेंटरची गन न पोहोचलेला कोपरा. असे कोपरे पुढीलप्रमाणे :

१. दरवाज्याच्या रबर बीडिंगखालची आणि बिजागरीमागची जागा.
२. डॅशबोर्डच्या मागची बाजू आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आतला पत्रा.
३. मागच्या सीटखाली व डिकीतील अस्तराखाली.
४. नंबर प्लेट, नावाची अक्षरे आणि क्रोमच्या पट्ट्या यांच्या मागे.
५. जीपमध्ये हेडलाइटच्या वाटीमागे, सीटखाली आणि पुढच्या काचेच्या चौकटीच्या बिजागरीखाली.

कमीत कमी तीन जागा पाहाव्यात. एकाच दरवाज्यावर भरवसा ठेवू नये, कारण तो दरवाजा भंगारातून आणलेल्या दुसऱ्या गाडीचा असू शकतो. तिन्ही ठिकाणी सर्वांत खालचा रंग एकच निघाला, तरच तो मूळ धरावा. इंजिनखोलीत किंवा डिकीत काही कारखाने रंगाचा पातळ हात देत किंवा वेगळाच रंग मारत, म्हणून केवळ आतला भाग पाहून बाहेरचा रंग ठरवू नये.

थर कसे वाचावेत?

नाण्याएवढी, न दिसणारी जागा निवडावी. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून, मधोमध पत्रा दिसेपर्यंत उतरती घिसाई करावी. मग १००० आणि शेवटी २००० नंबरचा पेपर फिरवावा. पाण्याचा हात फिरवला की झाडाच्या खोडातील वलयांसारखे थर दिसतात. मध्यभागी पत्रा, मग प्रायमर, मग पहिला रंग आणि बाहेरच्या कडेला आजचा रंग. सरफेसरचा राखाडी किंवा तांबडा थर पाहून तोच मूळ रंग समजण्याची चूक होते. मूळ रंगाच्या थराला पॉलिश केल्यावर थोडी तरी चकाकी येते, सरफेसरला तशी येत नाही.

थराची जात ओळखायला कापसाचा बोळा लॅकर थिनरमध्ये भिजवून आडजागी काही सेकंद धरावा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर लॅकर. सुरकुतला किंवा मऊ पडला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर टू-के, किंवा चांगले भाजलेले इनॅमल. ही चाचणी केवळ माहितीसाठी नाही. हवेत वाळवलेल्या इनॅमलवर लॅकर मारले, तर खालचा थर उचलला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

ही घिसाई नेहमी ओली करावी. जुन्या पिवळ्या, तांबड्या आणि हिरव्या रंगांत, तसेच जुन्या प्रायमरमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी. कोरडी धूळ फुप्फुसात जाते आणि कपड्यांवरून घरच्या मुलांपर्यंत पोहोचते. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत.

नमुना तयार करणे

सापडलेल्या रंगावर वर्षांची मेण, तेल आणि भुकटी बसलेली असते. ती पुसून, बारीक कंपाउंड व पॉलिश मारून आतला ताजा थर उघडा करावा. नुसत्या पुसलेल्या, भुकटलेल्या रंगाशी जुळवणी केली तर नवा रंग नेहमी फिकट आणि मळकट येतो.

पांढऱ्या आणि फिक्या निळ्या इनॅमलच्या बाबतीत उलट अडचण येते. तेलावर आधारलेला रंग अंधारात पिवळा पडतो. म्हणजे डिकीत झाकून राहिलेला पांढरा रंग कारखान्याच्या पांढऱ्यापेक्षा अधिक पिवळसर दिसतो. अशा वेळी ग्लोव्ह बॉक्सचे झाकण यांसारखा सुटा भाग काही दिवस उजेडात ठेवावा. पिवळेपणा कमी झाला की मगच त्यावरून जुळवणी करावी.

सुटा भाग मिळाला तर तो शहरातील रंग मिसळून देणाऱ्या दुकानात नेता येतो. तेथे रंग मोजणारे यंत्र असेल तर सूत्र जवळपासचे मिळते. पण यंत्राला भुकटलेला किंवा खरचटलेला नमुना दिला तर उत्तरही चुकीचे येते. शिवाय यंत्राचे सूत्र ही सुरुवात असते. शेवटचा निकाल डोळ्यांनीच द्यावा लागतो.

मिसळताना हिशेब ठेवा

अंदाजाने, थेंब थेंब ओतून रंग आणणारे उस्ताद आपल्यात आहेत आणि त्यांच्या नजरेला आमचा सलाम आहे. पण डबा अर्ध्यात संपला तर तोच रंग पुन्हा आणणे उस्तादालाही जड जाते. म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा, आणि आधी १०० ग्रॅमच मिसळावा.

समजा, फिक्या निळ्या रंगाच्या चाचणीत पांढरा ८६, निळा ९, पिवळा ३ आणि काळा २ ग्रॅम लागला. २ किलोसाठी प्रत्येक आकड्याला २० ने गुणायचे. म्हणजे पांढरा १७२०, निळा १८०, पिवळा ६० आणि काळा ४० ग्रॅम. मात्र निळा आणि काळा एकदम पूर्ण ओतू नये. आधी तीन चतुर्थांश, म्हणजे निळा १३५ आणि काळा ३० ग्रॅम घालावा, कार्ड मारून पाहावे आणि मग उरलेला हळूहळू घालावा. काळा जास्त पडला तर तो मारायला डबाभर पांढरा लागतो.

फरक पाहण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी रंग गडद आहे की फिकट, ते पाहावे. मग झाक कोणीकडे जाते ते पाहावे. निळा एकतर हिरवट दिसेल किंवा लालसर, तांबडा एकतर पिवळसर किंवा निळसर, हिरवा पिवळसर किंवा निळसर, पिवळा हिरवट किंवा लालसर. शेवटी रंग स्वच्छ आहे की मळकट, ते पाहावे. दुरुस्तीसाठी शक्यतो सूत्रात आधीच असलेलेच टिंटर वापरावेत. नवा रंग आणि त्यातही विरुद्ध रंग घातला की मिश्रण मळते आणि पुन्हा स्वच्छ होत नाही.

ओल्या रंगावर कधीही निकाल देऊ नये. बहुतेक साधे रंग वाळल्यावर गडद होतात. कार्डावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढून त्यावर गनने रंग मारावा. पट्ट्या पूर्ण झाकल्या गेल्या म्हणजे थर पुरेसा झाला. इनॅमल रात्रभर वाळू द्यावे. तांबडा आणि पिवळा हे कमी झाकणारे रंग असल्याने त्यांच्याखालचा प्रायमर कार्डावर आणि गाडीवर एकाच रंगाचा असला पाहिजे.

उजेडाची परीक्षा

वाळलेले कार्ड मूळ रंगाला अगदी चिकटवून धरावे, मध्ये फट नको. सकाळी दहाच्या सुमारास मोकळ्या सावलीत पाहावे. नंतर ट्यूबलाइटखाली आणि मग पिवळ्या बल्बखालीही पाहावे. सावलीत जुळलेला रंग ट्यूबखाली फाटतो, याचे कारण जुन्या आणि नव्या रंगातील पूड वेगळी असते. शिशाच्या क्रोमेटची जुनी पिवळी पूड शिशावरील निर्बंधांमुळे मागे पडली आणि तिच्या जागी दुसऱ्या पुडी आल्या. एका उजेडात त्या सारख्या दिसतात, दुसऱ्यात नाही. असे झाले तर दुसरा पिवळा टिंटर घेऊन पाहावे, आणि तरीही फरक राहिला तर दिवसाच्या उजेडाला प्राधान्य द्यावे. तसे गिऱ्हाइकाला दाखवूनही ठेवावे.

अंगात लाल किंवा भडक शर्ट घालून रंग पाहू नये, त्याची झाक पडते. एकटक पाहिल्याने डोळा थकतो, म्हणून चार-पाच सेकंद पाहून नजर राखाडी कपड्यावर फिरवावी. काही पुरुषांना जन्मतः लाल-हिरव्यातील फरक नीट दिसत नाही आणि त्यांना ते माहीतही नसते. शिकाऊ मुलाला या कामाला लावण्यापूर्वी एकदा डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

चकाकीकडेही लक्ष असावे. जुन्या इनॅमलची चमक मऊ असते. त्यावर आजच्या पद्धतीने क्लिअर कोट चढवला तर सूत्र बरोबर असूनही गाडी आरशासारखी आणि परकी दिसते. साध्या रंगासाठी क्लिअर न लागणारा एकपदरी रंग घेतला तर रूप मूळच्या जवळ जाते.

आपल्या हवेचा विचार

आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात थिनर गनमधून निघताच उडतो, रंग कोरडा बसतो आणि फिकट दिसतो. तेव्हा सावकाश उडणारे थिनर वापरावे आणि गनचे काम सकाळी लवकर उरकावे. पावसाळ्यात लॅकरवर पांढरी धुके चढते. त्यासाठी रिटार्डर घालावा किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहावी. कोळशाच्या धुळीसाठी जमीन ओली करून चारी बाजूंनी प्लास्टिक लावावे. फिक्या रंगात कोळशाचा एक कणही लपत नाही.

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून बचाव होत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हा खरा उपाय आहे. त्याची सोय नसेल तर टू-के रंग गनने मारू नये.

कायद्याची बाजू

जीपच्या बाबतीत एक नियम प्रत्येक पेंटरला पाठ असावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग मारता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप अमेरिकी लष्कराच्या बिनचमकीच्या ऑलिव्ह ड्रॅब रंगात निघाल्या, हे खरे आहे. तरी “मूळ रंग हाच होता” एवढ्यावर काम हातात घेऊ नये. भारतीय मानक आयएस ५ च्या तक्त्यात ऑलिव्ह ग्रीन क्रमांक २२० ला आहे. तो तक्ता गॅरेजमध्ये असावा, म्हणजे कोणता हिरवा टाळायचा ते गिऱ्हाइकाला दाखवता येते. शंका असेल तर मालकाला आरटीओकडून लेखी विचारून येण्यास सांगावे.

दुसरे असे, की खालून निघालेला मूळ रंग आणि आरसी बुकातील रंग वेगळे असू शकतात. तेव्हा रंग बदलण्याची नोंद आरटीओत करून घेणे मालकाचे काम आहे. पण ते त्याला आधी सांगणे आपले काम आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे, तर पुढील नोंदणीस ५,००० रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. या नोंदणीकडे जाणाऱ्या मालकाला रंगाचे कामही पुराव्यासह हवे असते, आणि तेथेच आपली संधी आहे.

कामाचा कागद

शेवटी प्रत्येक गाडीचे एक कार्ड करावे. त्यावर गाडीचा क्रमांक, रंग सापडलेल्या तीन जागा, वलयाचा फोटो, सूत्राचे ग्रॅम, थिनरचे प्रमाण, तारीख आणि गनने मारलेला तुकडा लावावा. एक प्रत मालकाला द्यावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी. उद्या मडगार्डला धक्का लागला तर ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही, कारण त्याच्या गाडीचे सूत्र तुमच्याकडे आहे.

रंग शोधण्याची आणि जुळवण्याची मजुरी पेंटिंगच्या मजुरीपासून वेगळी लावावी. ती दोन-तीन दिवसांची मेहनत असते आणि फुकट दिलेल्या मेहनतीची किंमत गिऱ्हाइकालाही कळत नाही. त्याचबरोबर नव्याने मारलेल्या रंगाला “कंपनीचा जुना रंग” म्हणून गाडी विकायला कोणी मदत मागितली, तर साफ नकार द्यावा. “कंपनीच्या छटेप्रमाणे अमुक साली रंगवलेली” हे खरे वाक्य आहे, आणि कार्ड हातात असले की तेवढ्या वाक्यावरही गाडीला भाव मिळतो.